सुंदराबाईची वीत

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायानं चालवायची, ओतीव लोखंडाच्या पायांवर उभी, काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेली. वेलबुट्टी निम्मी घासून गेली आहे, पण उरलेली निम्मी अजून चमकते आणि मी तेवढ्यावर मिरवून घेते. गेल्या उन्हाळ्यापर्यंत या घरात मला ‘ते कोपऱ्यातलं’ म्हणत. आज मी खिडकीपाशी उजेडात आहे. कोपरा आणि खिडकी यांत अंतर चार पावलांचं, पण ते ओलांडायला मला एका लग्नाची वाट पाहावी लागली. लग्न माझं नव्हे, या घरची नात नीलम हिच्या मैत्रिणीचं. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. मात्र आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना जरा मागून सुरुवात केल्याशिवाय सांगता येत नाही, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म लुधियान्याचा. जन्माचं फारसं आठवत नाही. गरम लोखंड, तेलाचा वास, आणि एका कारागिरानं माझं चाक फिरवून काढलेला एकच शब्द, ‘चलेगी’. तेवढा आशीर्वाद घेऊन मी गवतात गुंडाळलेली, खोक्यात बंद अशी रेल्वेनं अकोल्याला आले. देवराव तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. खोकं त्यांनी अंगणात फोडलं आणि माझा एकेक भाग स्वतःच्या हातानं जोडला. शेजारपाजारची निम्मी आळी बघायला जमली होती. शेवटचा स्क्रू बसल्यावर ते बायकोला म्हणाले, “घे, आता तुह्यं राज्य.”

ती बायको म्हणजे सुंदराबाई. मी तिला अहोजाहो करत नाही. तीस-बत्तीस वर्षं जिचे पाय आपल्यावर होते, तिच्याशी कसली औपचारिकता? सुंदराबाई शाळेत गेली नव्हती. अक्षर आणि आकडा, दोन्ही तिला सारखेच परके. पण कापड बेतायला ती बसली, की भले भले शिंपी बघत राहत. तिच्याकडे टेप नव्हती. तिचं माप म्हणजे वीत. वीत म्हणजे हाताची बोटं पूर्ण फाकवली की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर. वितेहून लहान काही असेल तर बोटं. ‘गळा चार बोटं, बाही एक वीत न् दोन बोटं’, असा तिचा हिशोब. समोर उभ्या बाईकडे ती एकदा बघायची, कमरेला हात घालून जवळ घ्यायची आणि माप सांगून टाकायची. तेच माप वर्षानंतरही तिच्या डोक्यात जसंच्या तसं असायचं. गिऱ्हाईक जाड झालं असेल तर तेही ती तोंडावर सांगायची, आणि गिऱ्हाईक हसतच परत यायचं.

काम तर काय विचारता! जून उजाडला की शाळेचे निळे स्कर्ट आणि पांढरे सदरे. निळ्या कापडाचे तागे पायाशी पडलेले असत आणि माझ्या अंगावर निळा दोरा महिनाभर उतरत नसे. एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी लहान मुलांचे पांढरे कपडे. आणि लग्नसराईत तर पांढऱ्याला खळच नाही, कारण या आळीत लग्न म्हटलं की पांढरा रंग. नवरदेवाचा सदरा पांढरा, नवरीचं पोलकं पांढरं. इतकं पांढरं मी शिवलं आहे की तेलाचा एक थेंब सांडू नये म्हणून जीव मुठीत धरून चालायची सवयच लागली. कौतुकही खूप झालं. पण मशीनला कौतुक कळतं ते एकाच गोष्टीवरून, रोज संध्याकाळी तिचं अंग पुसलं जातं की नाही. माझं पुसलं जायचं.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा कपडा मात्र पांढऱ्यावर जांभळ्या फुलांचा होता. सुंदराबाईची मुलगी भावना कॉलेजात होती. गॅदरिंगसाठी तिला फॅशनचा ड्रेस हवा होता. मायनं तो दोन दिवसांत शिवला. फुग्याच्या बाह्या, गोल कॉलर, कमरेत बसता आणि खाली चुण्याचुण्यांचा भरपूर घेर. भावना तो घालून स्टुडिओत गेली आणि फोटो काढून आली. फोटो काळा-पांढरा असल्यानं त्यातली फुलं जांभळी आहेत हे गेल्या उन्हाळ्यापर्यंत जगात तिघींनाच माहीत होतं. भावनाला, सुंदराबाईला आणि मला.

मग रेडीमेडचे दिवस आले. मी कुणाला दोष देत नाही, पण मला ते दिवस आवडले नाहीत. आधी गिऱ्हाईक तुटलं, मग पट्टा तुटला, आणि पट्टा कुणी आणला नाही. देवराव गेले. त्यांचा मुलगा संघपाल पाटबंधारे खात्यात नोकरीला होता, त्यानं माझ्यावर टीव्ही ठेवला. ते दिवस त्यातल्या त्यात बरे, निदान सगळं घर माझ्या दिशेला तोंड करून बसायचं. पुढं टीव्ही भिंतीवर चढला आणि माझ्यावर गोधड्या आल्या, मग इस्त्रीचे कपडे, मग तांदळाची अर्धी गोणी. घरच्या माणसांना कोपऱ्यातल्या वस्तूचा आकार दिसत नाही, फक्त तिच्यावर काय ठेवता येईल तेवढं दिसतं.

गेल्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी सुंदराबाईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ती वाचली, पाय ओढत का होईना चालायला लागली, जीभही हळूहळू सुटली. पण उजवा हात आखडला तो आखडलाच. बोटं आत वळून घट्ट मूठ झाली. घरची माणसं तिच्यावर जीव टाकतात, पण तिनं स्वतःला एक नाव देऊन टाकलं, ‘रिकामी’. कुणी काही विचारलं तर म्हणायची, “मले रिकामीले काय इचारता?” गेल्या उन्हाळ्यात संघपाल म्हणाला, “माय, थे कोपऱ्यातलं भंगारात देऊन टाकू काय? जागा होईन.” ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “देऊन टाका.”

मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही. पण गंजता येतं, आणि त्या दिवशी मी थोडी गंजले.

त्याच आठवड्यात जुईली पत्रिका द्यायला आली. ही जठारपेठेतल्या वकिलांची मुलगी, नीलमची जिवलग मैत्रीण. नीलम म्हणजे संघपालची मुलगी, सुंदराबाईची नात. दोघी अकोल्याच्याच, पण ओळख व्हायला अमरावतीला जावं लागलं. विद्यापीठात शिकताना दोघींना एक खोली मिळाली आणि चार वर्षं एकाच डब्यात जेवल्या. नीलम अजून अमरावतीलाच आहे, एका क्लासमध्ये गणित शिकवते. जुईलीचं सासरही अमरावतीच, म्हणून लग्नही तिथलंच. सुट्टी काढून नीलम घरी आली होती. जुईली चहा पीत होती आणि तिचं लक्ष भिंतीवरच्या भावनाच्या फोटोवर गेलं.

“आजी, हा ड्रेस कुणी शिवला?”

“म्या,” सुंदराबाई म्हणाली. मग तिनं डाव्या हातानं कोपऱ्याकडं बोट केलं. “म्या अन् इनं.”

जुईली उठून फोटोपाशी गेली. बराच वेळ बघत राहिली. “नीलम, माझ्या लग्नात सगळ्या मैत्रिणी भाड्याच्या घागऱ्यात येणारेत. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. तू हा घालून ये ना. अगदी असाच. शिव तू.”

“शिवते,” नीलम म्हणाली. तिला तेव्हा सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता, पण शब्द देऊन बसली. जुईलीनंही तो शब्द पत्रिकेसारखा जपून पर्समध्ये ठेवला असावा, कारण जाताना दारातून पुन्हा म्हणाली, “मी वाट बघीन हं.”

लग्न येत्या रविवारी. हातात सहा दिवस. सुंदराबाई म्हणाली, “मले नोको इचारू बाप्पा. माह्या हातात काई नाही आता.”

“हात माहे घे ना, आजी,” नीलम म्हणाली. “तू फक्त सांग.”

हे वाक्य ध्यानात ठेवा. चांगल्या मनानं बोललेलं होतं, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

भंगारवाल्याला फोन करून नको सांगितलं गेलं. माझ्यावरचा पसारा उतरला. शालिकराम आला. हा जुन्या मशिनी दुरुस्त करणारा म्हातारा, मला चाळीस वर्षं ओळखतो. त्यानं झाकण उघडलं, घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसासारखा कान जवळ आणून माझं चाक फिरवलं, नवा पट्टा घातला, रॉकेलनं धुतलं, प्रत्येक भोकात तेल सोडलं. नीलमच्या आईनं विचारलं, “काय बिघडलं हाय भाऊ?” तो म्हणाला, “काईच नाही. हिले तुमी इसरले, येवढंच.” मी त्याची जन्मभराची ऋणी आहे. पहिला फेरा झाला तेव्हा सगळ्या अंगातून तेल फिरलं आणि मी चालले. लुधियान्याचा तो कारागीर खोटं बोलला नव्हता.

नीलम दोन दिवस बिनदोऱ्यानं वहीच्या कागदावर टीप मारत होती, रेघ सरळ यावी म्हणून. पाय पुढं दाबला की चाक उलटं फिरायचं आणि ती वैतागायची. खाटेवरून सुंदराबाई म्हणायची, “टाच टाक, मंग चवडा. घाई काहून करून राहिली? मशीन काई पळून नाही जात.” मध्ये लाइट गेली, सगळी आळी घामाघूम होऊन ओट्यावर आली, पण माझं काम चालू होतं. मला विजेची गरज नाही, हे मी उगाच सांगत नाही, संधी मिळाली म्हणून सांगते.

कापड नीलम बाजारात हिंडून घेऊन आली. आजीनं सांगितल्याप्रमाणे पांढऱ्यावर जांभळी फुलं, थोडी मोठी, पण जवळपास तशीच. दुकानात ताग्याचा शेवटचा कटपीस उरला होता, ड्रेसपुरता. तो तिनं छातीशी धरून आणला.

बुधवारी बेतायला घेतलं. नीलमनं मोबाइलवर बघून ठेवलं होतं, पण त्यातली मापं आणि भावनाच्या ड्रेसची ठेवण काही जुळेना. म्हणून तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि आजीपुढं उभी राहिली. सुंदराबाईनं डावा हात तिच्या कमरेभोवती घातला, जवळ ओढलं, खांदे चाचपले, डोळे मिटले. दोन वर्षांत मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. मग ती धाडधाड सांगायला लागली. “छाती चार वीत न् तीन बोटं. कंबर साडेतीन वीत. बाही वीतभर. शिवनीसाठी दोनी कडंनं बोट-बोट जास्त धरजो.”

“किती इंच, आजी?”

“इंच-बिंच मले नाही समजत. वीत सांगून राहिली ना.”

नीलम गणिताची शिक्षिका. तिनं खडू घेतला, कापड जमिनीवर पसरलं, आणि स्वतःची बोटं फाकवून वीत मोजली. एक, दोन, तीन, चार. मी वरून बघत होते. मला कळत होतं, कुठंतरी चुकतंय. माझ्या फळीवर मी हजारो विता पडताना अनुभवल्या आहेत. ही वीत मला ओळखीची नव्हती. पण मित्रांनो, आम्हा वस्तूंची हीच शिक्षा असते. आम्हाला दिसतं सगळं, बोलता येत नाही. मी फार तर दोरा तोडू शकते. टीप सुरू झाल्यावर मी तो तीन वेळा तोडला. नीलमनं तीन वेळा ओवला.

गुरुवारभर टीप चालली. सुंदराबाई खाटेवर न राहता माझ्याशेजारी खुर्चीत येऊन बसली. चुण्या कशा घालायच्या, फुगा कुठं जास्त धरायचा, सगळं ती डाव्या हातानं हवेत करून दाखवत होती. जेवायची हाक आली तर म्हणाली, “थांबा, आमाले काम हाय.” संघपालनं हे ऐकलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. मायच्या तोंडून ‘काम’ हा शब्द त्यानं दोन वर्षांनी ऐकला होता.

शुक्रवारी दुपारी नीलमनं ड्रेस अंगात घातला. म्हणजे घालायला गेली. खांद्यातून उतरला, छातीवर अडला. श्वास आत घेतला, तरी पाठीमागं बटणं आणि काजं यांच्यात तीन-चार बोटांचं अंतर. कमरेत तीच गत. ओढून बघितलं तर बगलेत टीप करकरली. नीलम आरशापुढं तशीच उभी राहिली, मग पटकन ड्रेस काढून तिनं त्याची घडी केली, जणू घडी केल्यानं तो मोठा होणार होता.

“थोडासाच तंग हाय, आजी,” ती म्हणाली.

सुंदराबाईनं ड्रेस मांडीवर घेतला, डाव्या हातानं चाचपला.  मग म्हणाली, “माह्या डोक्यातलं मापच गेलं, पोरी.”

“असं काहून म्हन्तं?”

“हात गेला तवा म्या मनाशी म्हटलं, हात गेला तं गेला. मापं तं हायेत. कोनी इचारीन तं सांगीन. आता थेबी गेले. खोटं कशाले बोलू?” मग ती उठली, खाटेवर गेली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

संघपाल म्हणाला, “नीलम, रेडीमेड घेऊन टाक काई. जुईली समजून घेईन.” जुईलीनं घेतलंही असतं समजून. पण त्या घरात आता प्रश्न जुईलीचा राहिला नव्हता, आणि ड्रेसचाही नव्हता. त्या भिंतीकडं वळलेल्या पाठीचा होता. कापड पुन्हा मिळालं नाही तरी चाललं असतं. ‘माझं सगळंच गेलं’ असं एकदा म्हाताऱ्या माणसाच्या मनानं घेतलं, की ते माणूस उरतं ते केवळ औषधाच्या वेळा पाळायला.

सुंदराबाईच्या आखडलेल्या हाताला रोज संध्याकाळी कोमट तेल चोळायचं असतं. मग एकेक बोट सोडवून, तळहात आपल्या तळहातावर सपाट करून थोडा वेळ दाबून धरायचा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ते काम नीलमची आई करते. त्या दिवशी नीलम वाटी घेऊन गेली. सुंदराबाई वळली नाही, फक्त हात मागं दिला. नीलम जमिनीवर बसली. अंगठा सोडवला, तर्जनी सोडवली, मधलं, अनामिका, शेवटी करंगळी. मूठ उघडली. तो तळहात तिनं आपल्या तळहातावर ठेवला, मनगटाला मनगट लावून, बोटांवर बोटं.

आणि ती बघतच राहिली.

म्हातारीची बोटं तिच्या बोटांच्या पुढं गेली होती, चांगली पेरभर. नीलमनं अंगठे जुळवून दोन्ही करंगळ्या ताणून बघितल्या. आजीची वीत तिच्या वितेहून बोटभर मोठी होती. दोन वर्षं तो हात मुठीत होता, म्हणून तो किती मोठा आहे हे घरातलं प्रत्येक माणूस विसरलं होतं. म्हातारी स्वतःसुद्धा.

“आजी,” नीलम म्हणाली, “एका वितेत बोटभर फरक. चार वितांत चार बोटं.”

“काय बोलून राहिली?”

“ड्रेस किती तंग झाला? चार बोटं. तू बरोबरच सांगतलं, आजी. म्या माह्या हातानं मोजलं. माप तुह्यं होतं अन् हात माहा होता.”

सुंदराबाई वळली. दोन्ही हात एकमेकांवर तसेच होते. तिनं ते नीट पाहिले. गणित तिला नीलमनं सांगायची गरज नव्हती, वितेचं गणित तिचंच. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याच दमात ती नातीला म्हणाली, “येवढाले पोरं शिकवते अन् येवढं नाही समजलं तुले?” असं रागावणं कानावर पडावं म्हणून मी आणखी पन्नास वर्षं कोपऱ्यात काढली असती.

पण कापड तर कापलं गेलेलं. तुकडा उरला नव्हता. शनिवारी सकाळी सहालाच सुंदराबाई माझ्याजवळ येऊन बसली, नीलमच्या आधी. माझ्या खणात शाळेच्या गणवेशातल्या निळ्या कापडाच्या पट्ट्या पडून होत्या, सुंदराबाईनं कधीकाळी ‘वाया कशाले घालवा’ म्हणून ठेवलेल्या. तिनं त्या काढायला सांगितल्या.

“बगलीपासून कमरेलोक दोनी बाजूंनं हे पट्टी घाल. चुन्या सैल सोड, घेर आपसूक बसते. बाहीच्याही सोड.”

“पण आजी, निळी पट्टी दिसून येईन. जोड दिला म्हणून समजीन सगळ्यांले.”

“लपवला का जोड फसल्यासारखा दिसते. लपवूच नोको. हेच कापड कॉलरले लाव, खिशाले लाव, बाहीच्या पट्टीले लाव. मंग लोक म्हन्तीन का मुद्दामच केलं.”

मित्रांनो, ही अक्कल कोणत्या मोबाइलवर सापडेल? ती हे कुठं शिकली असेल, ते मला ठाऊक आहे. तिनं आयुष्यभर कमी पडणाऱ्या कापडातून पुरे पडणारे कपडे काढले होते.

त्या दिवशी मी जशी चालले तशी तरुणपणीही चालले नसेन. नीलम पाय मारत होती. शेवटची, डाव्या बगलेची टीप आली तेव्हा सुंदराबाई म्हणाली, “सरक जराशी.” तिनं डावा हात कापडावर ठेवला. नीलमचे पाय, सुंदराबाईचा हात. कापड तिच्या बोटांखालून माझ्या सुईखाली आलं आणि मी ते वाकडं जाऊ दिलं नाही. तेवढं तर मी तिचं देणं लागत होते. टीप कमरेपर्यंत पोचली, नीलमनं दोरा तोडला आणि ड्रेस अंगात घालून बघितला, बटणं काजांत अलगद बसली.

रविवारचं लग्न मी पाहिलं नाही, मशीनला कुणी वरातीत नेत नाही. पण संध्याकाळी नीलमचा व्हिडिओ कॉल आला आणि सगळं घर खाटेभोवती जमलं. जुईली शालू-मुंडावळ्यांत होती, घामानं आणि आनंदानं चमकत. तिनं फोन हातात घेतला. “आजी, मी हिला मांडवाच्या दारात पाहिलं ना, तेव्हा गुरुजी मला काय करायला सांगत होते ते ऐकूच आलं नाही. फोटोतली आत्याच चालत आली असं वाटलं. पण निळी कॉलर फोटोत नव्हती. ती कुणाची कल्पना?”

“मशीनची,” सुंदराबाई म्हणाली, आणि ओठ दाबून हसली.

सोमवारी नीलम परत आली. ड्रेस धुऊन दोरीवर टाकला. मग तिनं पिशवीतून नवी कोरी टेप काढली आणि आजीसमोर जमिनीवर बसली. पुन्हा एकेक बोट सोडवलं. मूठ उघडली. माझ्या फळीवर तो हात पसरला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेप लावली. इतक्या वर्षांत त्या हातानं सगळ्या आळीला मोजलं होतं. त्या हाताला कुणी मोजावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

“किती भरलं?” सुंदराबाईनं विचारलं.

“आठ इंच.”

“अन् तुह्यं?”

“सव्वासात.”

“मंग लिहून ठेव,” ती म्हणाली. “तू पुढच्या सुट्टीले आली का आळीतल्या वामनरावची सून येनार हाय कापड घेऊन. म्या हाव म्हटलं तिले.”

नीलमनं लिहून ठेवलं. तेव्हापासून मी खिडकीपाशी आहे. रोज माझं अंग पुसलं जातं. सुंदराबाई आता ‘रिकामी’ म्हणत नाही. नीलम सुट्टीला आली की दोघी बसतात. एकीचं सांगणं, दुसरीचा हात, आणि मध्ये आठ इंचांचा हिशोब. मी ऋणी आहे. शालिकरामच्या तेलाची, जुईलीच्या हट्टाची, नीलमच्या चुकीचीसुद्धा.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी जुनी मशीन असेल तर तिला तेल घाला, एवढं मी माझ्या जातभाईंसाठी मागते. पण त्याहून मोठं मागणं दुसरंच आहे. घरातलं म्हातारं माणूस ‘वीतभर’, ‘चिमूटभर’, ‘ओंजळभर’ असं काही सांगतं आणि तुमच्या हातून ते बिघडतं, तेव्हा त्याची आठवण गेली असं चटकन म्हणू नका. त्याचं माप त्याच्या हातात असतं. तो हात एकदा आपल्या हातावर उघडून ठेवा, आणि बघा तो तुमच्या हाताच्या किती पुढं जातो ते.